हिरवी की निळी?

पुरावा केवळ दफ्तरखान्यात असतो असे नाही, तो वस्तूतही असतो, हे मी इतिहासाच्या तासाला मुलांना नेहमी सांगतो. आमलीतल्या मराठी घरांपुढे दिवाळीत मातीचे किल्ले उभे राहतात, तेव्हा बुरूज कुठे आणि किती, यावरून पोरे हमरीतुमरीवर येतात. ते भांडण म्हणजे इतिहासाचा पहिला धडाच. गेल्या पावसाळ्यात तसाच धडा मला एका चिमुकल्या मोटारीने दिला.

ही बुगाटी कंपनीच्या 'टाइप ३५ बी' या शर्यतीच्या गाडीची रेझिनची प्रतिकृती. सुटे भाग जोडून करण्याचा हा जुना संच एका स्नेह्याने दिला. प्रमाण एकास त्रेचाळीस. हा विचित्र आकडा खेळण्यातल्या आगगाडीवरून आला. इंग्लंडात एका फुटास सात मिलिमीटर असे माप धरीत, ३०४.८ ला सातांनी भागले की साडेत्रेचाळीस येतात. पावणेचार मीटरांची मूळ गाडी अशी साडेआठ सेंटिमीटरांत मावते.

रेझिनचे भाग करताना दोन द्रव एकत्र करून रबरी साच्यात ओततात. बुडबुडे राहिले तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि वर्षे लोटली की पातळ भाग वाकतात. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने साच्याचा तेलकटपणा धुतला. वाकलेला तळ गरम पाण्यात धरून सपाट काचेवर दाबला. छिद्रांत पुट्टी भरली. भुकटी छातीत जाऊ नये म्हणून वॉटर पेपर ओला ठेवूनच घासकाम केले.

खरा प्रश्न रंगाचा आला. सूचनापत्रात निळा रंग होता. शर्यतीत फ्रान्सचा रंग निळा, इटलीचा तांबडा, इंग्लंडचा हिरवा; बुगाटी फ्रान्सची, म्हणून निळी. पण संचातला क्रमांक होता १२. मोनॅकोच्या रस्त्यांवर १४ एप्रिल १९२९ रोजी झालेली पहिली ग्रां प्री, शंभर फेऱ्यांची, जिंकणारी १२ क्रमांकाची बुगाटी हिरवी होती! छायाचित्रे कृष्णधवल, ती याबाबत मुकी. उलगडा होतो तो नियमाने: रंग गाडी बनवणाऱ्याच्या देशाचा नव्हे, गाडी उतरवणाऱ्याच्या देशाचा.

चालक 'विल्यम्स' या नावाने उतरला होता. विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स, वडील इंग्रज, आई फ्रेंच. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिशांचा गुप्त हस्तक म्हणून जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरला. १९४३ साली पकडला गेला आणि साक्सेनहाउसेनच्या छळछावणीत मारला गेला. गाडी निळी रंगवली असती तर तिच्यातून हा माणूसच पुसला गेला असता.

ही गोष्ट सांगताना मला सिल्वासा आठवते. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्ता इथून गेली. त्या लढ्यातले सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या बरोबरीने आलेल्या कित्येकांची नावे माझ्या विद्यार्थ्यांना सांगता येत नाहीत. गावातल्या वृद्धांच्या घरी जुनी छायाचित्रे अजून आहेत. त्यांत कोण उभे आहे, हे सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून या सुटीत नववीच्या मुलांना मी एकच काम दिले आहे. घरोघरी जायचे, छायाचित्र पाहायचे, आणि त्यातल्या प्रत्येकाचे नाव विचारून लिहून आणायचे. हिरवी मोटार शाळेच्या कपाटात ठेवली आहे. 'सर, खोक्यावर तर निळी आहे,' असे कोणी म्हटले की तास सुरू होतो.