हजेरीपट आणि शालान्त प्रमाणपत्र : वॉशिंग्टनचे प्रकरण

अमेरिकेच्या राजधानीतील, म्हणजे वॉशिंग्टन शहरातील, सार्वजनिक शाळांतून चार वर्षांच्या विहित मुदतीत शालान्त होणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ५३ टक्के होते. २०१७ मध्ये ते ७३ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी गरीब वस्तीतील बलू हायस्कूलच्या सर्व शालान्त विद्यार्थ्यांना महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचा गौरव झाला. परंतु नोव्हेंबरात नभोवाणीच्या बातमीदारांनी हजेरीची कागदपत्रे तपासली, तेव्हा ह्यांपैकी निम्मे विद्यार्थी वर्षात तीन महिन्यांहून अधिक काळ विनापरवानगी गैरहजर असल्याचे दिसून आले.

नियमांची वाण होती असे नव्हे. एखाद्या विषयाचे तीस तास विनापरवानगी बुडविणारा विद्यार्थी त्या विषयात अनुत्तीर्ण ठरावा, असे स्पष्ट लिहिलेले होते. मात्र शाळेचे यश उत्तीर्णांच्या संख्येवर मोजले जाई आणि तो भार अखेर शिक्षकांवर येऊन पडे. अनुत्तीर्णांसाठी योजलेले 'श्रेयांक-पुनःप्राप्ती'चे वर्ग मूळ विषय चालू असतानाच भरविले जात. (जे अद्याप गमावलेले नाही त्याची पुनःप्राप्ती कशी व्हावी, हे त्या शब्दालाच विचारावे लागेल!)

जानेवारी २०१८ मधील चौकशीत २,७५८ शालान्तांपैकी ९३७ जणांची प्रमाणपत्रे नियमभंग करून दिलेली ठरली. नियम कडक होताच त्या वर्षी प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास उतरले. विद्यार्थी गैरहजर का राहत, हा प्रश्न ह्या सर्व मोजणीत मागेच राहिला.