चौकातल्या सेकंदांची वाटणी

शहरातला प्रत्येक माणूस रोज कुठल्या ना कुठल्या सिग्नलपाशी थांबतो. त्या थांबण्यामागे एक शास्त्र आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, अशा मागण्या आपण नेहमी ऐकतो. हिरवा दिवा कोणाला आणि किती सेकंद द्यावा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. चौकात जागेइतकीच वेळेचीही टंचाई असते, आणि वेळेची वाटणी नीट झाली तर आहे त्याच रस्त्यावरून वाहतूक पुष्कळ सुकर होते. एवढ्यासाठी तरी या विषयाकडे वळावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

सिग्नलचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. 1868 साली लंडनच्या संसद भवनाजवळ गॅसवर जळणारा पहिला सिग्नल उभा राहिला. तो सुचवणारे जे. पी. नाइट हे रेल्वेचे अभियंते होते. काही आठवड्यांतच गॅसचा स्फोट होऊन तो प्रयोग थांबला. विजेचे सिग्नल रुळले ते विसाव्या शतकात. मात्र दिव्यांच्या वेळा ठरवण्याला भक्कम गणिती पाया दिला तो एफ. व्ही. वेब्स्टर यांच्या 1958 सालच्या ब्रिटिश संशोधनाने.

त्या गणिताचा गाभा कोणालाही समजेल असा आहे. प्रत्येक दिशेची पाळी बदलताना काही सेकंद वाया जातात, कारण थांबलेल्या गाड्या हलायला वेळ लागतो आणि आधीच्या गाड्या चौकाबाहेर पडेपर्यंत पुढच्यांना रोखावे लागते. चार पाळ्यांच्या चौकात एका फेरीत, म्हणजे सगळ्या पाळ्या एकदा होईपर्यंत, असे 12 सेकंद जातात असे धरू. फेरी 60 सेकंदांची असेल तर पाचवा हिस्सा वाया गेला. 120 सेकंदांची केली तर दहावा. पण 180 सेकंदांवर गेल्यास आणखी जेमतेम 3 टक्के वेळ वाचतो आणि प्रत्येकाची प्रतीक्षा मात्र लांबते. म्हणून फेरी वाढवत नेणे हा गर्दीवरचा उपाय नव्हे. प्रत्येक चौकाला त्याच्या गर्दीनुसार योग्य अशी फेरी असते, आणि ती वेब्स्टर यांच्या सूत्राने काढता येते.

आपल्याकडे प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि म्हणूनच अधिक रंजकही. दुचाकी, रिक्षा, बस, हातगाडी असे सारे एकाच रस्त्यावर, लेनची फारशी पर्वा न करता चालतात. लाल दिवा लागला की दुचाकी फटींतून पुढे येऊन थांबतात, आणि हिरवा होताच त्यांचा जथा आधी निघतो. परदेशी आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यामुळे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 2017 साली भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची स्वतंत्र मार्गदर्शिका तयार झाली, तर प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) अशा मिश्र वाहतुकीसाठी गर्दीप्रमाणे वेळा बदलणारी सिग्नल यंत्रणा विकसित केली. आपल्या अभियंत्यांनी आपल्या रस्त्यांचे वागणे मोजून उभे केलेले हे काम अभिमान वाटावा असेच आहे.

नव्या वाचकांनी सूत्रांपासून सुरुवात करू नये. आधी ओळखीच्या एका चौकात थोडा वेळ उभे राहावे. एका हिरव्यात रांग संपते का, ते तुम्ही पाहा. एका बाजूला रिकाम्या रस्त्यासाठी हिरवा दिवा जळतो आहे आणि दुसरीकडे रांग वाढते आहे, असे दिसते का? 14 मीटर रुंद रस्ता ओलांडायला सेकंदाला 1.2 मीटर या चालीने सुमारे 12 सेकंद लागतात. वृद्धांना त्याहून जास्त. तेवढा वेळ पादचाऱ्यांना मिळतो का? एवढे टिपल्यावर सूत्रे वाचा, मग लागोपाठच्या चौकांच्या वेळा जुळवण्याकडे वळा. तोवर सूत्रातले प्रत्येक अक्षर तुम्हांला चौकातल्या कुठल्या तरी गोष्टीशी जोडता येईल.

हा विषय अभियंत्यांचा आहे, तसाच नागरिकांचाही. मोजलेली निरीक्षणे घेऊन प्रशासनाकडे जाणाऱ्या नागरिकाला नुसत्या तक्रारीपलीकडे जाऊन नेमकी सुधारणा सुचवता येते. असे वाचक वाढावेत, हीच या प्रस्तावनेमागची इच्छा.