हार्बर लाइनवरची भाषा

पनवेल म्हणजे हार्बर लाइनचं शेवटचं स्टेशन. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांसाठी राखीव डबा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. या डब्यात काही वेळा एक घोळका हातांनी गप्पा मारताना दिसतो. आवाज अजिबात नाही, पण चेष्टा, भांडण, लग्नाची बोलणी, ऑफिसातल्या कटकटी असं सगळं काही चालू असतं.

ॲनेलिस कुस्टर्स या मूळच्या बेल्जियमच्या मानववंशशास्त्रज्ञ. त्या स्वतः बधिर आहेत. त्यांनी मुंबईच्या याच डब्यांचा अभ्यास केला आणि २००९ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. त्यांना दिसलं ते असं: बधिर प्रवासी ठरवून एकाच गाडीत भेटतात, गप्पा संपल्या नाहीत तर प्लॅटफॉर्मवर रेंगाळतात. बाकीच्या मुंबईला लोकलमधला वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. यांच्यासाठी दिवसातला सगळ्यात मोकळा वेळ तोच असतो, कारण घरी त्यांची भाषा सहसा कुणालाच येत नाही.

एका भाषेला भेटायला रेल्वेचा डबा का लागावा? घर आणि शाळा कुठे गेली? कॉक्लियर इम्प्लांटवरून जगभर जो वाद झाला, तो आपल्याकडच्या संदर्भात समजून घ्यायचा तर सुरुवात या प्रश्नापासून करावी लागते.

मिलानचा ठराव

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर परिषद भरली. १६४ प्रतिनिधी होते आणि त्यांत बधिर माणूस फक्त एक. परिषदेनं प्रचंड बहुमतानं ठरवलं की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायला शिकवायचं, खुणांची भाषा वर्गाबाहेर काढायची. हेतू वाईट नव्हता. बोलता आलं तर मूल समाजात मिसळेल, असं त्या लोकांना मनापासून वाटत होतं. पण ज्यांच्याबद्दल हा निर्णय होता, त्यांचं मत जवळजवळ कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर काही वर्षांतच, १८८० च्या दशकाच्या मध्यावर, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानं मुंबईत बधिर मुलांची शाळा सुरू झाली. ही भारतातली अशी पहिली शाळा मानली जाते. पुढे देशभर शाळा वाढल्या आणि त्यांतल्या बहुतेकींनी तोंडी पद्धतीचीच वाट धरली. पाट्यांवर ‘मूकबधिर विद्यालय’ लिहिलं गेलं. हा शब्द आज अनेकांना खटकतो आणि ते बरोबरच आहे. ऐकू न येणारा माणूस मुका नसतो. त्याचा घसा शाबूत असतो, आणि हात मोकळे असतील तर तो पुष्कळ बोलतो.

हात मात्र मोकळे नव्हते. वर्गात खुणा केल्या की ओरडा बसायचा. भाषा तरी मेली नाही. वसतिगृहात, मधल्या सुट्टीत मोठ्या मुलांकडून लहान मुलांकडे ती जात राहिली. पुढे क्लबात गेली, फलाटावर गेली, डब्यात गेली.

भाषा आहे, हे सिद्ध करायचं

या खुणांना व्याकरण आहे हे अभ्यासकांनी मांडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० साली तिथल्या खुणांच्या भाषेचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. भारतात १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांचे सहकारी हे काम करू लागले. वसिष्ठ स्वतः बधिर, लहानपणी श्रवणशक्ती गेलेले. त्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. शहराशहरात शब्द बदलत होते, पण व्याकरण सारखं निघालं.

हे व्याकरण मराठीचं किंवा हिंदीचं नाही. ‘तू कुठे राहतोस?’ हे विचारताना भारतीय सांकेतिक भाषेत ‘कुठे’ शेवटी येतं. प्रश्नाचा सूर भुवयांवर आणि चेहऱ्यावर असतो. म्हणजे बोललेल्या वाक्याची ही हातांनी केलेली नक्कल नव्हे. ही वेगळी भाषा आहे.

यंत्र आलं

याच काळात दुसरीकडे यंत्र तयार होत होतं. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस या दोघांनी एका रुग्णाच्या श्रवणयंत्रणेला थेट विजेचे संकेत देऊन पाहिले. नंतर लॉस एंजेलिस, व्हिएन्ना, मेलबर्न इथे हे काम पुढे गेलं.

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे कानातलं साधं मशीन नव्हे. ते मशीन आवाज मोठा करतं. इम्प्लांटमध्ये कानामागचा प्रोसेसर आवाज पकडून त्याचे संकेत बनवतो, आणि ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेले इलेक्ट्रोड ते संकेत थेट नसेला देतात. निरोगी कानातल्या हजारो केसपेशींचं काम जेमतेम वीसेक इलेक्ट्रोड करतात. त्यामुळे स्विच चालू झाल्या क्षणी ‘ऐकू आलं’ असा जो व्हिडिओ तुम्ही पाहता, ती सुरुवात असते. त्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला महिने, कधी वर्षं लागतात. काही मुलं पुढे फोनवर आरामात बोलतात, काहींना फक्त दार वाजल्याचं कळतं.

१९९० साली अमेरिकेत दोन वर्षांपासूनच्या मुलांना इम्प्लांट बसवायला सरकारी परवानगी मिळाली आणि वादाला तोंड फुटलं. त्याआधी दोनच वर्षं, १९८८ मध्ये, गॅलॉडेट या बधिरांच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आंदोलन करून पहिला बधिर अध्यक्ष मिळवला होता. ‘आम्ही बिघडलेले नाही, आमचा एक समाज आहे’ हे म्हणायला नुकती सुरुवात झाली होती. अशा वेळी ऑपरेशनची बातमी त्यांना आणखी एक मिलान वाटली. तिथल्या राष्ट्रीय बधिर संघटनेनं १९९१ साली या परवानगीवर कडक टीका केली. २००० साली मात्र त्याच संघटनेनं इम्प्लांट हा अनेक पर्यायांपैकी एक असल्याचं मान्य केलं.

वांद्र्याची एक इमारत

आपल्याकडे हा वाद असा रस्त्यावर आला नाही. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली. तिथे २००१ पासून भारतीय सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम सुरू झाले. आणि केंद्र सरकारनं २०१४ मध्ये आपल्या ‘ॲडिप’ योजनेत इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंत मदत देऊ केली, तेव्हा त्याची मुख्य जबाबदारीही याच संस्थेकडे आली. अमेरिकेत ज्या दोन बाजू एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, त्या इथे एकाच छपराखाली आहेत.

पण मदत कुठल्या वयात मिळते ते पाहा. जन्मतः बधिर मुलांसाठी अट साधारण पाच वर्षांच्या आतली आहे. त्यामागचं शास्त्र खरं आहे. मेंदू भाषा सहज उचलतो तो याच वयात. पनवेलच्या एखाद्या घरात मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ म्हणत सहा महिने जातात, मग तपासणी, मग कागदपत्रं, मग ऑपरेशन, मग थेरपी. केबल तुटते, पावसात प्रोसेसरला ओल लागते, दुरुस्तीचा खर्च घरच्यांवर येतो. तोवर मुलाला कुठलीच भाषा मिळालेली नसते. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, अशी भीती अनेक आईवडिलांना घातली जाते. ही भीती मिलानची आहे, आणि तिला आता १४० वर्षं उलटून गेली.

माझ्या मते आपल्याकडचा खरा तोटा इथे आहे. इम्प्लांट बसवावं की नाही हे प्रत्येक घरानं डॉक्टरांशी बोलून ठरवावं, बसवणाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. पण यंत्र चालेल की नाही हे कळायला काळ जातो, आणि हात पहिल्या दिवसापासून चालतात. खुणांची भाषा येणाऱ्या मुलाकडे इम्प्लांट फसलं तरी भाषा उरते. नुसतं यंत्र दिलेल्या मुलाचं ते फसलं, तर त्याच्याकडे काहीच उरत नाही.

चित्र थोडं हललं आहे. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेनं मिलानचे ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेला जागा मिळाली. २०१८ मध्ये सरकारी सांकेतिक शब्दकोश आला तेव्हा त्यात ३ हजार शब्द होते, २०२१ पर्यंत ते १० हजार झाले, आणि ते व्हिडिओ तुमच्या फोनवर फुकट पाहता येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील दुभाष्याच्या मदतीनं सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या.

आता काम उरलंय ते घराघरातलं. मामा, आत्या, आजी, शेजारची पोरं यांनी पन्नास खुणा जरी शिकल्या, तरी त्या मुलाला गप्पांसाठी लोकलच्या डब्याची वाट पाहावी लागणार नाही.