वऱ्हाडचा कापूस आणि न झालेला जलमार्ग

वऱ्हाड म्हटले की कापूस आणि कापूस म्हटला की आगगाडी, अशी जोडी आपल्या मनात पक्की बसलेली असते. अमरावती, अकोला, खामगाव या बाजारपेठा रेल्वेने वाढवल्या हे खरेच आहे. पण हा कापूस आगगाडीने मुंबईकडे न जाता नावांत भरून पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जावा, अशी एक मोठी योजना एकोणिसाव्या शतकात आखली गेली होती. नुसती आखली नव्हती, तर तिच्यावर प्रत्यक्ष काम झाले आणि लाखो पौंड खर्ची पडले. १८७१ मध्ये ती सोडून द्यावी लागली. ही योजना का सुचली, पाण्यावरून माल नेणे खरोखर स्वस्त पडते का, आणि तरीही योजना का फसली, हे या लेखात पाहू.

दोन समुद्रांकडे उतरणारा प्रदेश

नकाशा समोर ठेवा. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा पश्चिमेला जाऊन तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्राला पोचते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरची वर्धा मात्र आग्नेयेला वळते. वैनगंगेला मिळाल्यावर तिची प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. म्हणजे वऱ्हाडात पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. मग कापसालाही दोन वाटा असू शकतात, असे त्या काळच्या इंजिनियरांना वाटले तर नवल नाही.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तोवर इथला कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांनी आणि बंड्यांनी बाहेर जाई. एक वाट उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जात होती, तर दुसरी घाट उतरून मुंबईला. वाटेतली धूळ, पाऊस आणि चारापाण्याची टंचाई यांत मालही खराब होई आणि जनावरेही मरत.

याच सुमारास सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ दवलेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला (१८४७ ते १८५२). त्यातून निघालेले कालवे शेतीला पाणी देत आणि त्यांतून नावाही चालत. हीच वाट वर वऱ्हाडापर्यंत न्यावी, असा कॉटन यांचा आग्रह होता. त्यांचे सहकारी हेग यांनी गोदावरीच्या जलवाहतुकीवर १८५६ मध्ये अहवाल लिहिला. खडकाळ धावत्या पाण्याचे तीन मोठे अडथळे आढळले. पहिला दुम्मागुडेमजवळ, दुसरा इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. या ठिकाणी बंधारे घालून बाजूने कालवे व लॉक बांधायचे, आणि बाकीची वाट नदीतूनच काढायची, असा बेत ठरला.

१८६० मध्ये निजामाशी नवा तह झाला. गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांना मिळाले आणि नदीवरची जकात उठली. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेला सिरोंचा त्यांतलाच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे लागले. त्यामुळे योजनेला आणखी जोर आला.

पाण्यावर ओढणे सोपे का?

कॉटन यांचा मूळ मुद्दा चुकीचा नव्हता. त्या काळी इंग्लंडमध्ये चांगल्या खडीच्या रस्त्यावर एक घोडा साधारण दोन टनांची गाडी ओढत असे. तोच घोडा काठावरून दोर लावून संथ कालव्यातली पंचवीस टनांची नाव सहज नेई. याचे कारण आपण वर्गात दाखवू शकतो. गाडीचे चाक खड्ड्यातून व चिखलातून वर काढावे लागते, तर नावेचा भार पाणीच उचलून धरते. हळू चालणाऱ्या नावेला पाण्याचा विरोध फार थोडा होतो. मात्र वेग वाढवला की हा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर ओढ चौपट लागते. म्हणून नाव ही स्वस्त पण संथ. तासाला चार-पाच किलोमीटर हा तिचा धर्म.

उंची चढायची तर लॉक हवे. लॉक म्हणजे दोन दारांची पाण्याची खोली. नाव खालच्या दाराने आत घ्यायची, दार लावायचे, वरच्या बाजूचे पाणी आत सोडायचे. खोली भरली की नाव वरच्या पातळीला येते आणि वरचे दार उघडून पुढे जाते. यात पंप लागत नाही. काम गुरुत्वाकर्षणच करते. इंग्लंडमध्ये टार्डेबिग येथे असे ३० लॉक एकापाठोपाठ असून नाव सुमारे ६७ मीटर चढते.

नावेवरचा संसार

इंग्लंडच्या मध्य भागातले कालवे जेम्स ब्रिंडली यांच्या काळापासून अरुंद बांधले गेले. लॉकची रुंदी सुमारे ७ फूट, म्हणून नावेचीही तेवढीच. लांबी मात्र ७० फूट. जवळजवळ सगळी नाव मालासाठी आणि मागे सुमारे १० फुटांची खोली. रेल्वे आल्यावर नावाड्यांची मिळकत घटली. घरभाडे आणि मदतनिसाची मजुरी परवडेना, तेव्हा अनेकांनी बायकामुलांसह नावेवरच बिऱ्हाड थाटले. त्या खोलीत दाराशी शेगडी, भिंतीत कपाट, कपाटाचे झाकण उघडून आडवे केले की टेबल, आणि रात्री फळी टाकली की पलंग. आई सुकाणू धरी, मूल घोड्याबरोबर चाले, बाप पुढे जाऊन लॉकची दारे उघडी. माल उतरेपर्यंत थांबावे लागे, आणि लगेच पुढचा माल मिळाला तरच पोट भरे.

या मुलांची शाळा कुठली? आज एका गावी तर उद्या दुसऱ्या. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथ यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १८७७ मध्ये कालव्यांवरील नावांसाठी कायदा झाला. नावेची नोंदणी, तिच्यात किती माणसांनी राहायचे आणि मुलांचे शिक्षण यांची त्यात तरतूद होती. अंमलबजावणी ढिली पडल्याने १८८४ मध्ये त्यात सुधारणा करावी लागली. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले ज्या शिक्षकांच्या हजेरीपटावर आहेत, त्यांना या इतिहासात आपला प्रश्न ओळखू येईल.

या संसारात दुरुस्ती हे रोजचे काम असे. लाकडी नावेच्या फळ्यांच्या फटींत जुन्या दोरखंडाचे धागे ठोकून वर डांबर लावत. आपल्या कोकणातले कारागीर फटींत कापसाचा पीळ ठोकून त्यावर राळ व तेल लावीत. नावेच्या तळात साचणारे पाणी उपसावे लागे. आज या नावा पोलादाच्या असून माणसे त्यांत राहण्यासाठी वा सुटीसाठी जातात, पण देखभाल सुटलेली नाही. दर दोन-तीन वर्षांनी नाव पाण्याबाहेर काढून तळाला काळा डांबरी लेप देतात. तळाला मॅग्नेशियमचे तुकडे जोडतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते आधी झिजते आणि पोलाद वाचते. दहावीच्या धातूंच्या धड्याला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

कालव्याचीही अशीच निगा राखावी लागे. काही मैलांच्या टप्प्याला एक माणूस नेमलेला असे. तो काठाने चालत जाई, उंदरांची बिळे बुजवी, गळती दिसली की मळलेली चिकणमाती थापी, आणि पाणवनस्पती काढी. आपल्या रेल्वेवरचा गँगमन तो हाच. कालवा एकदा खोदून होत नाही, तो रोज राखावा लागतो.

मग वऱ्हाडात नाव का आली नाही?

पहिले कारण ऋतूंचे. आपल्या नद्यांना पूर येतो पावसाळ्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते, आणि तेव्हाच नदीचे पाणी उतरू लागते. सरकी काढून रुई बाजारात येईपर्यंत वर्धेत ठिकठिकाणी वाळू उघडी पडते. नाव चालेल तेव्हा कापूस नाही, आणि कापूस आहे तेव्हा नाव टेकते.

मग नदी सोडून बारमाही कालवा काढावा? थोडे गणित करू. २२ मीटर लांब, २.१ मीटर रुंद आणि २.५ मीटर चढाचा लॉक एकदा भरायला सुमारे ११५ घनमीटर, म्हणजे १ लाख १५ हजार लिटर पाणी लागते. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे. समुद्रापासून इथवर संथ पाण्याच्या पायऱ्या बांधायच्या म्हटल्या तर असे १३६ लॉक होतील. शिवाय उन्हाळा आहेच. कालवा १० मीटर रुंद असून मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरा. दर किलोमीटरला रोज १ लाख लिटर पाणी जाईल, आणि शंभर किलोमीटरला १ कोटी लिटर, म्हणजे ८७ लॉक भरतील एवढे. इंग्लंडच्या थंड, ढगाळ हवेत हा तोटा पुष्कळच कमी. त्यात आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. एकदा कोरडा पडलेला कालवा पुन्हा भरला की तो भेगांतून गळणारच.

दुसरे कारण मालाचे. कापूस वजनाला हलका पण जागा खाणारा. सैल रुईने नाव वजनाआधी आकारानेच भरते. शिवाय अडथळ्याच्या जागी माल उतरवून पुन्हा चढवायचा म्हणजे मजुरी वाढते आणि रुई भिजण्याचा धोकाही.

तिसरे कारण स्पर्धेचे. बंधाऱ्यांचे काम रेंगाळत असताना लोहमार्ग भुसावळहून अकोला, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, आणि त्यापाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीला. रेल्वेला पूर आणि दुष्काळ यांची तेवढी पर्वा नव्हती. दिवाळीनंतर लगेच माल हलवता येत होता. जिनिंग आणि गाठी बांधण्याचे कारखाने स्टेशनांभोवती उभे राहिले. १८७१ मध्ये वरच्या गोदावरीचे काम थांबले. कॉटन यांनी १८७८ मध्ये संसदीय समितीपुढेही जलमार्गांचीच बाजू मांडली, पण समितीला ती पटली नाही.

आजचा प्रश्न

ही गोष्ट इथेच संपली असे नाही. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या यादीत पैनगंगा–वर्धा आणि वैनगंगा–प्राणहिता ही नावे पुन्हा आली आहेत. नकाशावर रेघ ओढणे सोपे असते. वर्षातले किती दिवस, किती खोल पाणी राहील, आणि वाळू व गाळ काढण्याचा खर्च दरवर्षी कोण करील, हे प्रश्न १८५६ इतकेच आजही विचारायला हवेत.

नावांचे कालवे नाहीत, पण पाण्याचे कालवे वऱ्हाडात आहेत. मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोल्याकडच्या काटेपूर्णेचे. त्यांनाही गाळ, गवत, भेगा आणि फुटलेली दारे यांचा तोच जुना रोग जडतो, आणि त्याची झळ कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला सर्वांत आधी बसते. कालवा बांधल्याचा दिवस साजरा होतो. तो राखणाऱ्या माणसाची नेमणूक मात्र मागे पडते.

शिक्षकांना दोन प्रयोग सुचवतो. पसरट घमेल्यात पाणी भरून एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी पट्टीने उंची मोजा आणि गावाजवळच्या नहराची रुंदी घेऊन त्यातून किती पाणी उडून जाते ते काढा. दुसरा प्रयोग म्हणजे त्या नहराचा एक किलोमीटर विद्यार्थ्यांसह चालून गळतीच्या जागा वहीत टिपा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागा पुन्हा पाहा. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की निगा राखली गेली की नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतःच सांगता येईल.