भाऊसाहेब निंबाळकर : ४४३ धावांचा मानकरी मानाच्या दालनाबाहेरच

शाहूपुरी (कोल्हापूर), खास प्रतिनिधी : कोल्हापूर म्हटले की तांबडी माती आणि तालीम डोळ्यांसमोर उभी राहते. शाहूपुरीच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले, ही गोष्ट या पेठेत आजही अभिमानाने सांगितली जाते. त्यापूर्वी दशकभर आधी याच शहराच्या एका फलंदाजाने पुण्याच्या मैदानावर जो पराक्रम केला, त्याची आठवण मात्र रणजी सामन्यात कोणी त्रिशतक ठोकले तरच निघते. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांच्या त्या नाबाद ४४३ धावा रणजी करंडकातील आणि कोणाही भारतीयाची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या म्हणून आजही कायम आहेत. असे असूनही भाऊसाहेब एकही कसोटी सामना खेळले नाहीत. क्रिकेटच्या मानाच्या दालनात अशा खेळाडूला स्थान असावे की नसावे, हा वाद जुना असला तरी निकाली निघालेला नाही.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ मध्ये असे दालन सुरू केले. बिशनसिंग बेदी, सुनील गावसकर आणि कपिलदेव यांच्यापासून महेंद्रसिंग धोनीपर्यंत (२०२५) ज्या भारतीयांचा तेथे समावेश झाला, ते सर्व आंतरराष्ट्रीय कारकीर्दीच्या बळावर. या मोजपट्टीत भाऊसाहेब बसत नाहीत. मग पट्टी चुकली, की ४४३ या आकड्याचेच आपण अवास्तव कौतुक करतो?

पुण्यातील ती खेळी

डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी सामना झाला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावांचा डोंगर रचला. त्यात के. व्ही. भांडारकर यांच्या २०५ धावा होत्या. भांडारकर आणि निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी केलेली ४५५ धावांची भागीदारी १९७४ पर्यंत जागतिक विक्रम म्हणून टिकली. निंबाळकर ४९४ मिनिटे खेळपट्टीवर उभे होते. त्यांनी ४९ चौकार आणि एक षटकार मारला. विजय मर्चंट यांचा ३५९ धावांचा भारतीय विक्रम तर केव्हाच मागे पडला होता. आता समोर होते डॉन ब्रॅडमन आणि त्यांनी १९३० मध्ये सिडनीत काढलेल्या नाबाद ४५२ धावा. त्या काळी प्रथम श्रेणीत यापेक्षा मोठी खेळी कोणाच्याही नावावर नव्हती.

नऊ धावांनी बरोबरी आणि दहा धावांनी विक्रम होणार असताना मध्यंतर झाले. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी तेथेच सामना सोडून दिला. महाराष्ट्राने आणखी एक-दोन षटकांची विनंती केली होती व ती मान्य झाली नाही, असे सांगितले जाते. आपल्या संघाचे नाव अशा विक्रमाला कायमचे चिकटावे, हे कोणत्या संस्थानिकाला रुचले असते? कारण समजण्यासारखे आहे. त्याने झालेले नुकसान मात्र भरून निघाले नाही. गोलंदाजांनी बाद केल्याने विक्रम हुकला असता तर तो खेळाचा भाग ठरला असता. येथे प्रतिस्पर्ध्याने मैदानच सोडले. आपल्याहून ही खेळी सरस होती, असे ब्रॅडमन यांनी पत्राने कळविल्याची आठवण क्रिकेटवर्तुळात सांगितली जाते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आक्षेपांना आधार नाही असे नव्हे. काठियावाडचा संघ दुबळा होता. पुण्याच्या खेळपट्ट्याही फलंदाजांना उदार होत्या. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच झालेल्या मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा निघाल्या आणि प्रथम श्रेणीच्या इतिहासात एका सामन्यातील तो उच्चांक ठरला. अशा काळातील एका मोठ्या डावावरून खेळाडूची थोरवी ठरवू नये, हे म्हणणे रास्तच आहे.

म्हणून तो डाव बाजूला ठेवून पाहू. १९३९-४० ते १९६४-६५ एवढ्या प्रदीर्घ कारकीर्दीत भाऊसाहेबांनी ८० प्रथम श्रेणी सामन्यांत ४७.९३ च्या सरासरीने ४८४१ धावा केल्या. त्यांत १२ शतके आहेत. शिवाय मध्यमगती गोलंदाजीवर ५८ बळी आणि प्रसंगी यष्टिरक्षणही. या धावसंख्येतून पुण्याच्या ४४३ धावा वजा केल्या तरी सरासरी ४३ च्या वरच राहते. म्हणजे एका दुपारी नशीब फळफळलेला हा फलंदाज नव्हता. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य भारत, राजस्थान, रेल्वे असे संघ त्यांनी बदलले, सी. के. नायडू यांच्या होळकर संघाने १९५२-५३ चा रणजी करंडक जिंकला तेव्हा बंगालविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी २१९ धावा केल्या होत्या. अंतिम सामना, समोर बंगालसारखा तगडा संघ आणि स्वतःचे वय तेहेतीस! आमच्या मते भाऊसाहेबांची बाजू मांडताना ४४३ च्या आधी या डावाचा दाखला द्यायला हवा.

मग कसोटी का नाही? ४४३ धावा झाल्या तेव्हा वेस्ट इंडिजचा संघ भारतातच होता. मुंबईची दुसरी कसोटी १३ डिसेंबरला संपली होती आणि कोलकात्याची तिसरी ३१ डिसेंबरला सुरू व्हायची होती. पुण्याचा सामना झाला तो नेमका या दोन कसोट्यांच्या मध्ये. तरीही निवड समितीने त्यांना बोलावले नाही. समितीवर तोंडसुख घेणे सोपे आहे, पण त्या मालिकेत रुसी मोदी यांनी ५६० आणि विजय हजारे यांनी ५४३ धावा केल्या. हेमू अधिकारी यांनी दिल्लीत शतक काढले. कोलकात्याला संघात आलेल्या मुश्ताक अली यांनी ५४ आणि १०६ धावा केल्या. मधली फळी भरलेली होती; जागा रिकामी ठेवून भाऊसाहेबांना डावलले, असे म्हणता येत नाही.

खरा घात कालगणनेने केला. फेब्रुवारी १९४९ नंतर थेट नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताची पुढची अधिकृत कसोटी झाली. मधल्या काळात राष्ट्रकुल संघाविरुद्धच्या अनधिकृत कसोट्या तेवढ्या होत्या. १९४९-५० मध्ये त्यातली एक भाऊसाहेबांना मिळाली. कसोटी क्रिकेट पुन्हा सुरू झाले तेव्हा ते बत्तिशीच्या उंबरठ्यावर होते आणि पंकज रॉय, विजय मांजरेकर यांच्यासारखे तरुण पुढे आले होते. थोरले बंधू रावसाहेब निंबाळकर १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर यष्टिरक्षक म्हणून गेले, पण तेही कसोटीविनाच परतले.

अमेरिकेतील दाखला

अमेरिकेत बेसबॉलचे मानाचे दालन कूपर्सटाउन या गावी आहे. जोश गिब्सन हा गोलंदाजांना धडकी भरविणारा फटकेबाज कृष्णवर्णीय असल्यामुळे प्रमुख लीगमध्ये कधीच खेळू शकला नाही आणि १९४७ मध्ये वारला. ज्या लीगने त्याला दार उघडले नाही, तेथील आकडे नसणे हा त्याचा दोष मानायचा काय, असा प्रश्न पुढे आला आणि १९७२ मध्ये गिब्सनचा त्या दालनात मरणोत्तर समावेश झाला. निंबाळकर यांच्यावर वर्णभेदाचा अन्याय झाला नव्हता, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. पण दालनाने आपली मोजपट्टी बदलली म्हणून त्याची प्रतिष्ठा उणावत नाही, एवढे या उदाहरणावरून दिसते. देशांतर्गत क्रिकेटसाठी वेगळा कप्पा उघडला, तर अमोल मुझुमदार, पद्माकर शिवलकर, राजिंदर गोयल अशी कसोटीविना राहिलेली कितीतरी नावे लगेच पुढे येतील. त्या कप्प्यात पहिले नाव भाऊसाहेबांचे असावे.

भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो या शतकाच्या सुरुवातीला, खेळ सोडून जवळपास चार दशके उलटल्यावर. ११ डिसेंबर २०१२ रोजी, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीत चारशेचा टप्पा ओलांडूनही कसोटी न खेळलेला एकमेव फलंदाज ही त्यांची ओळख २०२२ पर्यंत टिकली. त्या वर्षी ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्ट यांनी लेस्टरशायरविरुद्ध नाबाद ४१० धावा केल्या. रणजीतील विक्रमाला मात्र धक्का लागलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीत आसामविरुद्ध मुंबईचा पृथ्वी शॉ ३७९ पर्यंत पोहोचला, तोही ६४ धावांनी मागेच राहिला.