सर ॲलेक गिनेस यांची चित्रपट-कारकीर्द : चरित्र-अभिनयाचे सामर्थ्य आणि मर्यादा

विसाव्या शतकातील इंग्रजी चित्रपटसृष्टीचा इतिहास प्रामुख्याने दिग्दर्शक आणि नायक-नायिका यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. चरित्र-अभिनेत्याच्या वाट्याला त्यात बहुधा एखादा परिच्छेद येतो. सर ॲलेक गिनेस (१९१४-२०००) हे याला ठळक अपवाद होत. तथापि त्यांच्याविषयीचे बरेचसे लेखन ‘हजार चेहऱ्यांचा नट’ या गौरवापाशीच थांबते. हा नट कोणकोणते चेहरे धारण करू शकला, हे त्यात सांगितले जाते. कोणते चेहरे त्याने धारण करावयास हवे होते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे त्यांच्या कारकीर्दीचा मागोवा घेतला आहे.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यावरील पित्याच्या नावाची जागा कोरी होती. या कोऱ्या जागेचा त्यांच्या अभिनयाशी थेट संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने तो आवरलेला बरा. जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी सोडून ते रंगभूमीकडे वळले. १९३४ मध्ये जॉन गिलगुड यांनी ‘हॅम्लेट’मधील ऑस्रिकची भूमिका त्यांना दिली, आणि पुढे ‘ओल्ड व्हिक’मध्ये त्यांची खरी जडणघडण झाली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात सेवा बजावली. १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैन्य उतरविणाऱ्या एका नौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

युद्धापूर्वी, १९३९ मध्ये, गिनेस यांनी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे नाट्यरूपांतर केले होते व त्यात हर्बर्ट पॉकेटची भूमिकाही वठविली होती. डेव्हिड लीन यांनी ते नाटक पाहिले होते. १९४६ च्या आपल्या चित्रपटात त्यांनी तीच भूमिका गिनेस यांना दिली. तेव्हापासून चार दशके टिकलेले आणि अनेकदा ताणले गेलेले एक सहकार्य सुरू झाले.

लीन यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१९४८) फॅगिन हा या विवेचनातील पहिला महत्त्वाचा टप्पा होय. रंगभूषाकार स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी मूळ कादंबरीसाठी जॉर्ज क्रुकशँक यांनी काढलेल्या चित्रांवरून गिनेस यांचा चेहरा घडविला. मोठे बाकदार नाक, लोंबती दाढी, घोगरा स्वर. चौतिशीतील तरुण नट त्यात ओळखूही येत नाही. रंगभूषेचा विजय म्हणून त्याची वाहवा झाली. परंतु ज्या व्यंगचित्रात्मक परंपरेतून तो चेहरा आला होता, त्याच परंपरेचा वापर नाझी प्रचाराने नुकताच केला होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये बर्लिनमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यूंनी तीव्र निदर्शने केली आणि प्रदर्शन थांबवावे लागले. अमेरिकेत तो काटछाट होऊन १९५१ मध्ये प्रदर्शित झाला. पुस्तकातील चित्राशी निष्ठा राखल्याचा दिग्दर्शकाचा बचाव एका अर्थी खरा होता. पण छापील रेषा वेगळी आणि जिवंत माणसाने धारण केलेला चेहरा वेगळा, हा भेद त्या बचावात लक्षात घेतला गेला नाही.

‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) हेच कौशल्य आपल्याच समाजावर रोखले गेले. डॅस्कॉइन या उमराव घराण्यातील आठ व्यक्ती गिनेस यांनी साकारल्या. त्यांत धर्मोपदेशक, सेनापती, नौसेनाधिकारी आहेत आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लेडी ॲगाथाही आहेत. छायालेखक डग्लस स्लोकोम्ब यांनी एका दृश्यात त्यांची सहा रूपे एकाच चौकटीत आणली. तंत्राची करामत म्हणून तिचे कौतुक होतेच. पण आठही जणांना एकच चेहरा देण्यात सरंजामी वर्गाच्या एकसुरीपणावरची टीका दडली आहे, हे अधिक महत्त्वाचे वाटते. ईलिंग स्टुडिओच्या पुढील विनोदी चित्रपटांत, विशेषतः ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१) व ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ (१९५१) यांत, रंगभूषा जवळजवळ नाहीशी झाली. बँकेचे सोने वर्षानुवर्षे इमाने-इतबारे पोहोचविणारा मवाळ कारकून चोरीचा बेत आखतो, तेव्हा गिनेस केवळ डोळ्यांतील चमकेने तो बदल दाखवितात.

‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील (१९५७) कर्नल निकल्सनने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवून दिले. सिलोनमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाच्या काळात निकल्सनच्या स्वभावाबाबत लीन व गिनेस यांच्यात खटके उडत होते. पत्र्याच्या कोंडवाड्यातून सुटल्यावर निकल्सन अडखळत, पण ताठ राहण्याची धडपड करीत चालतो. ती चाल गिनेस यांनी पोलिओतून सावरणाऱ्या आपल्या लहान मुलाच्या चालीवरून घेतली होती. परक्याचा चेहरा उसना घेण्यापेक्षा जवळून पाहिलेली वेदना नटाला किती दूर नेते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण. १९५९ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली.

तरीही परक्या चेहऱ्यांचे आकर्षण संपले नाही. ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’मध्ये (१९६१) ते जपानी उद्योगपती झाले, तर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त (१९६२) अमीर फैसल. यांपैकी पहिली भूमिका आज पाहवत नाही. फैसलच्या भूमिकेत मात्र राजकीय धूर्तपणा आणि थकवा यांचे मिश्रण असे आहे की वेशांतर विसरले जाते. ‘स्टार वॉर्स’ने (१९७७) त्यांना अफाट प्रसिद्धी आणि नफ्यातील वाटा दिला, त्या प्रसिद्धीचा त्यांना लवकरच कंटाळा आला. अभिनयाच्या दृष्टीने बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) या मालिकेतील जॉर्ज स्मायली कितीतरी मोलाचा. त्यासाठी गिनेस यांनी कादंबरीकार जॉन ल कारे यांच्यामार्फत गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख सर मॉरिस ओल्डफील्ड यांची भेट घेऊन त्यांच्या लकबी न्याहाळल्या होत्या. चष्मा पुसणे, वाट पाहणे, ऐकणे यांपलीकडे स्मायली फारसे काही करीत नाही.

मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी भूमिका १९८४ मध्ये आली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ या लीन यांच्या अखेरच्या चित्रपटात गिनेस प्रोफेसर नारायण गोडबोले झाले. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या कादंबरीतील हे पात्र दख्खनी ब्राह्मणाचे आहे. १९२१ मध्ये फॉर्स्टर देवास थोरली पाती या मराठा संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी सचिव होते. तेथे पाहिलेल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवातून कादंबरीचा अखेरचा भाग उभा राहिला, आणि म्हणूनच त्या उत्सवात तुकारामांचे नाव दुमदुमते. अशा पात्रासाठी इंग्रज नटाची निवड करण्याचे कारण अभिनेत्यांची वानवा हे खचितच नव्हते. दोनच वर्षांपूर्वी रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती, आणि कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ‘बाफ्टा’ पारितोषिकही मिळाले होते. खुद्द लीन यांच्या चित्रपटातही डॉ. अझीज व्हिक्टर बॅनर्जी यांनी आणि हमीदुल्ला सईद जाफरी यांनी साकारला होता. त्यांच्यामध्ये रंगविलेल्या चेहऱ्याचे गोडबोले एकटेच उपरे दिसतात. अझीज दोषी की निर्दोष, या प्रश्नाला थेट उत्तर न देणारे हे पात्र कादंबरीत तत्त्वचिंतक आहे. पडद्यावर ते गूढ, किंचित हास्यास्पद झाले आहे.

दोष सर्वस्वी नटाचा नाही. चित्रित झालेले गोडबोल्यांचे नृत्य व इतर काही प्रसंग लीन यांनी संकलनात वगळले, आणि त्यामुळे गिनेस अतिशय दुखावले गेले. परंतु ते प्रसंग राहिले असते तरी मूळ अडचण सुटली असती, असे म्हणता येत नाही. कीर्तन-भजनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाचे शरीर ज्या सहजतेने टाळांच्या ठेक्याला प्रतिसाद देते, ती सहजता रंगभूषेने येत नाही. निकल्सनची चाल आणि गोडबोल्यांचे नृत्य यांतील अंतर येथेच आहे.

त्यानंतर तीन वर्षांनी, क्रिस्टीन एडझार्ड यांच्या ‘लिटल डॉरिट’मध्ये (१९८७), गिनेस पुन्हा डिकन्सकडे आले. या खेपेस ना खोटे नाक होते, ना रंगविलेली कातडी. कर्जबाजाऱ्यांच्या मार्शलसी तुरुंगात आयुष्य घालवूनही आपली प्रतिष्ठा कवटाळून बसलेला विल्यम डॉरिट त्यांनी उभा केला आणि सहायक अभिनेता म्हणून त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. तेव्हा त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती.