वहीतला संगणक

पुण्यातल्या एका रद्दीच्या दुकानात काही वर्षांपूर्वी मला एक जर्नल मिळाले. तपकिरी पुठ्ठा, एक पान आखीव, एक कोरे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी सबमिशनच्या आदल्या रात्री जागून भरतात तसलेच. विषय मायक्रोप्रोसेसर, वर्ष १९८७-८८. मुलाचे नाव इथे देत नाही.

आत बारा प्रयोग आहेत. कोऱ्या पानावर पेन्सिलीने फ्लोचार्ट आणि समोरच्या आखीव पानावर शाईने प्रोग्रॅम. पहिल्या रकान्यात स्मृतीतला पत्ता, दुसऱ्यात आकडा, तिसऱ्यात आज्ञा. ८०८५ या चिपला ‘थांब’ म्हणायचे तर ७६ हा आकडा द्यावा लागतो. या मुलाने प्रत्येक आज्ञेचा आकडा तक्त्यात शोधून हाताने लिहिला आहे. उडी मारायची असेल तर कोणत्या पत्त्यावर, तेही बोटे मोजून काढले आहे. जागोजागी खाडाखोड आहे. हे भाषांतर खरे तर असेम्ब्लर नावाचा प्रोग्रॅम करतो. पण प्रयोगशाळेतल्या किटला पडदाच नव्हता. थोड्या कळा आणि सहा लाल आकडे, चार पत्त्याचे आणि दोन मजकुराचे. म्हणून असेम्ब्लरचे काम विद्यार्थ्यानेच करायचे.

भारतीय संगणकाच्या इतिहासात ही वही मला कुठे सापडत नाही. तिथे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ असतो, आणि तो असायलाच हवा. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आलेले आयबीएम १६२० असते. या यंत्राला बेरीज करणारे मंडलच नव्हते. स्मृतीत भरलेला बेरजेचा तक्ता पाहून ते उत्तर देई, पाढे पाठ केलेल्या पोरासारखे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पवईच्या आयआयटीत मिन्स्क आले. विद्यार्थी कार्डांचा गठ्ठा देऊन जात आणि निकालाची वाट पाहत. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांग. पण तेव्हा पदवीच्या विद्यार्थ्याला संगणक हे साधन होते, शाखा नव्हती. कानपुरातही संगणकशास्त्राचा बी.टेक. सुरू व्हायला सत्तरचे दशक सरत आले. या साऱ्या संस्था मोजक्या आणि त्यांच्या जागाही मोजक्या.

त्यानंतर इतिहासकार थेट नव्वदच्या दशकातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर येतात. मधली दहा वर्षे गाळली जातात. माझी वही नेमकी त्या दहा वर्षांतली आहे.

महाराष्ट्रात ती दहा वर्षे १९८३ पासून सुरू होतात. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आता या निर्णयाला ‘आयटीची दूरदृष्टी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. केंद्राचे नवे संगणक धोरण आले नोव्हेंबर १९८४ मध्ये, म्हणजे या निर्णयानंतर. दादांसमोरचा प्रश्न साधा होता. पुण्याचे १८५४ पासूनचे शासकीय महाविद्यालय, सांगलीचे वालचंद, कऱ्हाड अशा ठिकाणच्या जागा पुरत नव्हत्या आणि ऐपतवाल्यांची मुले पैसे मोजून कर्नाटकात जात होती. तो पैसा इथेच राहावा, हा सहकारी कारखानदारीत मुरलेल्या माणसाचा विचार. म्हणूनच लोणी, कोपरगाव अशा साखरेच्या गावांत त्याच वर्षी महाविद्यालये उभी राहिली. पुण्यात तर एका संस्थेने नावातच ‘कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी’ घेतले. यंत्रे कमी होती, पण पाटी लागली. त्या पाटीचे श्रेय मी कमी लेखत नाही. ते दूरदृष्टीच्या खाती मांडू नये, एवढेच म्हणतो.

पाटीखाली शिकवले काय जात होते? पहिले वर्ष सर्वांना सारखे. उद्याचा संगणक अभियंता वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा, सुतारकामाचा सांधा जुळवायचा आणि ड्राफ्टर लावून शीट काढायचा. शीट जमली नाही की काचेखाली दिवा लावून मित्राची छापायची, त्याला ‘जीटी’ म्हणत. पुढच्या वर्षी संगणक दिसे तो वातानुकूलित खोलीत, चपला बाहेर काढून, फ्लॉपी हातात धरून. बॅच मोठी, यंत्रे थोडी. त्यामुळे यंत्रासमोर बसण्याआधी प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहावा लागे. या शिस्तीचे आज कौतुक होते. ती टंचाईची शिस्त होती, कोणी आखलेली नव्हती.

आणि या टंचाईचे पैसे घरे मोजत होती. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने हिशोब आहे: मेस, झेरॉक्स, एसटी, ‘फीचा दुसरा हप्ता – मामा’.

इथे माझेही सांगायला हवे, नाहीतर वाचकापासून काही लपवल्यासारखे होईल. मी १९८८ मध्ये बारावी झालो. गुण थोडे कमी पडले. वडील प्राथमिक शिक्षक. ते मला एका संस्थेत घेऊन गेले. कॅपिटेशन फी बंद करणारा राज्याचा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, पण टेबलामागच्या गृहस्थांनी ‘इमारत निधी’ असा शब्द वापरून आकडा सांगितला. वडिलांनी छत्री उचलली. एसटीत आम्ही काही बोललो नाही. मी बी.एस्सी. करून जिल्हा परिषदेत कारकून झालो. संगणक शिकलो तो पुढे, अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तके घेऊन. म्हणून या वहीकडे मी तटस्थपणे पाहतो असा माझा दावा नाही.

१९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा ‘फ्री’ आणि निम्म्या ‘पेमेंट’ अशी वाटणी आली. फ्री सीटवाल्याला सरकारी दराची फी, आणि तीही गुणवत्तायादीवरून. मला आणखी पाच वर्षे उशिरा जन्म मिळता तर, हा हिशोब मी अनेकदा केला आहे. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ती योजनाही मोडीत निघाली.

वहीतल्या अकराव्या प्रयोगाचे शीर्षक आहे ‘ट्रॅफिक सिग्नलचे नियंत्रण’. उद्देश लिहिला आहे, लागणारे साहित्य लिहिले आहे. निकालाच्या जागी काहीच नाही. त्यासाठी लागणारा जोडसंच त्या प्रयोगशाळेत बहुधा नसावा. खाली तांबड्या शाईत शिक्षकांची सही आणि तारीख आहे. बारावा प्रयोग पुढच्या पानावर पूर्ण लिहिलेला आहे.